बोअरच्या पाण्यानं केस चिकट, राठ होतात: बिघाड कुठे आहे आणि कसा सुधारायचा

डोकं धुऊन केस वाळले, तरी हात फिरवला की मेणचट लागतात. फणी अर्ध्यात अडकते आणि तिच्या दातांत राखाडी लगदा साचतो. टोकं राठ, मधला भाग चपटा. शांपू बदलला की दोन-तीन न्हाण्यांपुरतं बरं वाटतं, मग परत तेच. पावसाळ्यात तक्रार कमी होते आणि मार्च-एप्रिलमध्ये विहीर तळाला जाऊन घर बोअरवर आलं की पुन्हा डोकं वर काढते. अकोला, बुलढाणा, अमरावती, वाशिम, यवतमाळच्या खेड्यांत हे इतक्या घरांत एकाच ऋतूत होतं की कारण शांपूच्या बाटलीत शोधण्याआधी बादलीत शोधायला हवं.

होतं मात्र उलट. ‘केस खराब झाले’ एवढं सांगून दुकानातून तेल येतं, तेलानं लगदा वाढतो, तो काढायला अंगाचा साबण डोक्याला लागतो, आणि साबणानंच खरा घोटाळा होतो. म्हणून आधी बिघाडाची जागा ठरवा. केसाच्या दांड्यावर, टाळूवर किंवा मुळाशी, अशा तीन जागा आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

आधी जागा ओळखा

फणीत आलेले आठ-दहा केस पांढऱ्या कापडावर ठेवून उजेडात पाहा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर केस मुळातून सुटून आला आहे. गाठ नाही, तुकडे आखूड आणि वेगवेगळ्या लांबीचे आहेत, तर केस मधेच तुटला आहे. तुटण्याचा संबंध पाण्याशी, साबणाशी, विंचरण्याशी असतो. मुळातून सुटण्याचा संबंध बहुधा शरीराच्या आतल्या गोष्टींशी असतो.

पांढरी पूड दिसत असेल तर ती कुठे आहे ते पाहा. केसाच्या लांबीवर कुठेही आहे, खाज नाही, लिंबाच्या पाण्यात पाच मिनिटं भिजवून शांपूच्या फेसात चोळल्यावर निघते, तर तो पाण्याचा आणि साबणाचा थर. टाळूवर तेलकट, पिवळसर खवलं आहेत आणि खाजवतं, तर कोंडा. केसाच्या एका बाजूला पक्का चिकटलेला बारीक दाणा, दोन नखांत धरून ओढल्याशिवाय न सुटणारा, ती लीख. कोंड्याचा शांपू तिचं काही बिघडवत नाही.

दांड्यावरचा थर असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. कोंडा आणि मुळातून होणारी गळती शेवटी घेतली आहे.

पाण्यात काय असतं

पश्चिम विदर्भाचा बराच भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर आहे. या खडकाच्या भेगांतून मुरत आलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. हे जड पाणी. डाळ लवकर शिजत नाही, पाणी तापवायच्या रॉडवर पांढरं कवच चढतं, स्टीलच्या गुंडावर डाग राहतात, ती याचीच लक्षणं.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला, अमरावती-अकोला-बुलढाण्यात पसरलेला खारपाणपट्टा वेगळा. तिथली जमीन गाळाची आहे आणि भूजलात सोडियमचे क्षार, म्हणजे मिठासारखे क्षार, जास्त आहेत. तिथे काही बोअर खारे असतात, काही खारे आणि जडही. पूर्वेकडे चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडे बऱ्याच हापशींच्या पाण्यात लोह येतं. भरताना पाणी स्वच्छ दिसतं, तास-दोन तासांत पिवळट होतं आणि बादलीला तांबूस कड धरतं. अशा पाण्यात शिकेकाई किंवा आवळा मिसळला तर त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोहाशी जुळून काळपट रंग येतो. पांढरे केस झाकायला ते कुणाला चालेल, पण टॉवेल कायमचा जातो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० (२०१२) मध्ये, एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलीग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. हे आकडे पिण्यासाठीचे आहेत. केसांना आणि साबणाला १८० च्या वरचं पाणी जडच वाटतं.

टीडीएस मीटरवर भरवसा ठेवू नका. तो पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत याचा अंदाज देतो, कोणते क्षार ते सांगत नाही. खारपाणपट्ट्यातलं १२०० टीडीएसचं पाणी आणि बेसाल्टवरचं ७०० टीडीएसचं पाणी यांपैकी साबण कोणतं जास्त फाडेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

घरच्या घरी तपासणी

अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर टीएफएमचा, म्हणजे साबणातल्या एकूण मेदाच्या टक्क्यांचा, आकडा छापलेला असतो. ७० च्या वर टीएफएम असलेला साबण घ्या. ‘बेदिंग बार’ लिहिलेली वडी नको, तिच्यात इतर फेसकारक मिसळलेले असू शकतात. ५ ग्रॅम साबण किसून १०० मिली गरम आरओ पाण्यात पूर्ण विरघळवा.

एकसारख्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत २०० मिली आरओचं किंवा पावसाचं पाणी, दुसरीत २०० मिली बोअरचं. आरओच्या बाटलीत साबणपाण्याचे काही थेंब टाकून हलवा. फेस लगेच उभा राहील. बोअरच्या बाटलीत ५ मिलीचा एक-एक चमचा टाकत जा आणि दर वेळी दहा सेकंद जोरात हलवा. पाणी दुधी होईल, पांढरे कण तरंगतील, फेस येऊन बसेल. फेस दोन मिनिटं टिकेपर्यंत किती चमचे गेले ते मोजा. प्रत्येक चमचा म्हणजे लिटरमागे साधारण १५० ते २०० मिलीग्रॅम जडपणा. तीन चमचे गेले तर पाणी ५०० च्या आसपास आहे असं धरा. प्रयोगशाळेइतकं काटेकोर नाही, पण निर्णयाला पुरतं.

कण न होता नुसताच फेस कमी आला, तर पाणी खारं आहे, फारसं जड नाही.

आता तेच बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, गार करा, तळाचा साका न ढवळता वरचं पाणी ओतून घ्या आणि त्यावर पुन्हा चमचे मोजा. तीनाचा एक झाला तर जडपणा तात्पुरता आहे: तो बायकार्बोनेटचा असतो आणि उकळल्यावर चुन्याच्या रूपात खाली बसतो. फरक पडला नाही तर तो सल्फेट-क्लोराइडचा, कायमचा आहे, आणि उकळून जाणार नाही. पुढे कोणता उपाय निवडायचा हे यावरच ठरतं.

नेमका आकडा हवा असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. जलजीवन मिशनखाली पाणी तपासणीची किट गावांना दिली आहेत आणि गावातल्या महिलांना ती वापरायचं प्रशिक्षण दिलं आहे. किटमध्ये जडपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह हे सगळं पाहता येतं. ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं कार्ड भिंतीवर असलं म्हणून पाणी मऊ आहे असं समजू नका. ते कार्ड स्रोत किती सुरक्षित आहे याबद्दल असतं, जडपणाबद्दल नाही.

केसावर काय घडतं

केसाचा बाहेरचा थर कौलांसारखा एकावर एक बसलेल्या खवल्यांचा असतो. हे खवले सपाट बसलेले असले की केस चमकतो आणि फणी सरकते. केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, आणि पाणी जितकं अल्कधर्मी तितका तो वाढतो. अंगाच्या साबणाचा सामू (पीएच) ९ ते १० असतो. साबण लागला की खवले फुगून उघडतात, ऋणभार वाढतो, आणि जड पाण्यातलं दुहेरी धनभाराचं कॅल्शियम तिथे येऊन बसतं.

दुसरी गोष्ट त्याच वेळी होते. साबण म्हणजे मेदाम्लांचं सोडियम क्षार. जड पाण्यात सोडियमच्या जागी कॅल्शियम येतं आणि पाण्यात न विरघळणारा चिकट कॅल्शियम साबण तयार होतो. फणीतला राखाडी लगदा तो हाच, त्यात तेल आणि धूळ मिसळलेली. वावरातून आलेल्या डोक्यात धूळ कमी नसते. जास्त साबण लावल्यानं जास्त लगदा होतो, म्हणून ‘नीट निघालं नाही’ म्हणत दुसऱ्यांदा साबण लावणारीचे केस पहिल्यापेक्षा चिकट होतात.

शांपूचं रसायन वेगळं आहे. त्यातल्या लॉरिल इथर सल्फेटसारख्या घटकांचे कॅल्शियम क्षार पाण्यात विरघळतात. फेस थोडा कमी येतो, पण लगदा होत नाही. रिठा आणि शिकेकाईचंही असंच. त्यांतलं फेस करणारं सॅपोनिन कॅल्शियमशी जुळून खाली बसत नाही, आणि शिकेकाईचं पाणी थोडं आम्लधर्मीही असतं. जड पाण्याच्या गावात आजी शिकेकाईनंच न्हायची, ते रसायनाच्या हिशेबानंही बरोबर होतं.

जड पाण्यानं केसाची ताकद कमी होते का, यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण राठ झालेल्या पृष्ठभागावर घर्षण वाढतं, गुंता होतो, तो ओढून सोडवला की केस तुटतो, एवढं सरळ आहे. मुळापासून केस उपटण्याचं काम जड पाणी करत नाही.

साचलेला थर काढणं

हे महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. टाळूला जखम, चिरा किंवा आग होत असेल तर थांबा. केसांना नुकताच रंग लावला असेल तर तो उतरू शकतो.

लागणारं सामान: साधा शांपू दोन पाऊच, सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं) अर्धा सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे २ ग्रॅम, आणि आरओचं किंवा पावसाचं ४ लिटर पाणी. गावातल्या आरओ केंद्रावरचा २० लिटरचा एक कॅन चार-पाच जणांच्या न्हाण्याला पुरतो.

१. बोअरच्या पाण्यानं केस भिजवा. एका पाऊचमधला शांपू पाव लिटर आरओ पाण्यात घोळून फेस करा आणि तो डोक्यावर ओता. वरचं तेल आधी निघालं पाहिजे, नाहीतर आम्ल थरापर्यंत पोचत नाही. बोअरच्या पाण्यानं धुवा, केस निथळू द्या.

२. लिंबूसत्त्व १ लिटर आरओ पाण्यात विरघळवा. डोकं पुढे वाकवून हे पाणी फक्त केसांच्या लांबीवर ओता. खाली घमेलं ठेवून तेच पाणी दोन-तीनदा फिरवा. टाळूवर नको, डोळ्यांत नको. तीन ते पाच मिनिटं.

३. धुऊन टाका आणि दुसऱ्या पाऊचनं पुन्हा शांपू करा. ही पायरी गाळली तर सगळी मेहनत वाया जाते. आम्लानं कॅल्शियम सुटतं, पण मागे मोकळं मेदाम्ल उरतं आणि ते तेलकट असतं. नुसतं लिंबू चोळून ‘केस आणखी चिपचिपे झाले’ असं म्हणणाऱ्यांचं इथेच चुकलेलं असतं.

४. उरलेल्या आरओ पाण्यातलं २ लिटर शेवटी ओता. त्यानंतर बोअरचं पाणी लावू नका.

पहिल्याच वेळी फरक दिसतो. फार जुना थर असेल तर पंधरा दिवसांनी एकदा आणखी करावं लागतं.

नेहमीच्या न्हाण्याची पद्धत

आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात वावरात काम असेल तर दोनदा. शांपू थेट डोक्यावर पिळण्यापेक्षा मगभर मऊ पाण्यात घोळून घ्या. पाऊच तोच, फेस दुप्पट. मधलं धुणं बोअरच्या पाण्यानं चालतं. फक्त शेवटचं २ लिटर पाणी मऊ असावं, कारण केस वाळताना त्यावर जे पाणी असतं त्यातलेच क्षार मागे राहतात. संपूर्ण आंघोळ आरओच्या पाण्यानं करण्याची गरज नाही, आणि जिथे प्रत्येक लिटर आरओमागे बरंच पाणी नालीत जातं तिथे ते शोभणारंही नाही.

मऊ पाणी मिळालंच नाही तर शेवटच्या २ लिटर बोअरच्या पाण्यात एका मध्यम लिंबाचा गाळलेला रस घाला. इथे एक हिशेब लक्षात ठेवा. बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट लिंबाचं बरंचसं आम्ल खाऊन टाकतं, म्हणून अख्खं लिंबू लागतं. आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यात आम्ल खाणारं काही नसतं. तिथे २ लिटरला अर्ध्या लिंबाहून जास्त रस घातला तर टाळू चुरचुरते. लिंबू लावल्यावर मान, कपाळ, हात नुसत्या पाण्यानं धुवा आणि लगेच उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस अंगावर राहून ऊन लागलं की कातडीवर फोड आणि नंतर महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग येतात. एप्रिलच्या उन्हात हा धोका खरा आहे. न्हाणं शक्यतो संध्याकाळी ठेवा.

कंडिशनरचं पाऊच चैनीचं वाटत असेल, पण जड पाण्यात त्याचं काम आहे. त्यातले धनभारित घटक केसावरच्या ऋणभाराच्या जागा धरतात आणि फणी सरकू लागते. कानाच्या खालच्या लांबीवरच, दोन मिनिटं.

रिठा-शिकेकाई करायची तर १०-१२ रिठ्यांच्या बिया काढून घ्या, ८-१० शिकेकाईच्या शेंगा मोडा, १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी १५-२० मिनिटं मंद उकळा, कुस्करा आणि जाड सुती कापडातून गाळा. लोखंडी कढई वापरली तर पाणी काळं होतं. स्टील किंवा ॲल्युमिनियम घ्या. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे पाणी दुसऱ्याच दिवशी आंबतं, म्हणून एका न्हाण्यापुरतंच करा. दुकानातली शिकेकाई पूड वापरत असाल तर ती नीट गाळा. केसांत अडकलेला भुसा लोक कोंडा समजतात. रिठा डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. लहान मुलांना नको.

तेलाचंही पाहू. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. फल्ली (शेंगदाणा), करडई, सूर्यफूल ही तेलं बहुतांशी वर राहतात. खनिज तेल तर आत जातच नाही. म्हणून न्हाण्याआधी दोन तास किंवा आदल्या रात्री, लांब केसांना दोन चहाचे चमचे खोबरेल तेल लांबीवर लावा. वाटीभर तेल ओतून काही वाढत नाही. केसाला लागतं तेवढंच लागतं, बाकीचं काढायला जास्त शांपू लागतो. न्हाल्यानंतर ओल्या केसांना तेल चोपडणं ही धुळीला दिलेली जागा आहे.

ओला केस ताणला की सहज लांबतो आणि तुटतो. टॉवेलनं झटकू नका, दाबून पाणी टिपा, बोटांनी गुंता मोकळा करा, थोडा वाळल्यावर रुंद दातांच्या फणीनं टोकाकडून वर जात विंचरा. आणि ओल्या केसांवर दुपट्टा आवळून वावरात जाऊ नका. आतला ओलावा टाळूवरचा कोंडा वाढवतो.

ज्यांवर पैसे जातात पण उपयोग होत नाही

तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. खाण्याचा सोडा डोक्याला लावला तर सामू वाढतो, खवले आणखी उघडतात. धुण्याच्या सोड्यानं कॅल्शियम खरंच खाली बसतं (५०० जडपणाच्या २० लिटर बादलीला साधारण १० ग्रॅम लागतो), पण उरणारं पाणी इतकं अल्कधर्मी असतं की ते कपड्यांनाच ठेवावं.

नळाला लावायच्या मुठीएवढ्या ‘हार्ड वॉटर फिल्टर’चा हिशेब स्वतः करून पाहा. कोळशाचा किंवा जाळीचा फिल्टर कॅल्शियम अडवतच नाही. आयन बदलणारं रेझिन, म्हणजे कॅल्शियम धरून सोडियम सोडणारे दाणे, असलं तरी १ लिटर रेझिन साधारण ५० ते ६० ग्रॅम जडपणा धरतं. त्या फिल्टरमध्ये पाव लिटरही रेझिन मावत नाही. ५०० जडपणाच्या पाण्यात म्हणजे २०-२५ लिटर झाले, एक बादली भरली, की ते मिठाच्या पाण्यानं पुन्हा ताजं करावं लागणार. जाहिरातीत महिन्यांची भाषा असते. खारपाणपट्ट्यात तर मोठा सॉफ्टनरही फक्त कॅल्शियमच्या जागी सोडियम ठेवतो. खारटपणा तसाच राहतो.

सगळ्यात स्वस्त मऊ पाणी पावसाचं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी वाहू द्या, कारण त्यात पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. नंतरचं कापडातून गाळून झाकणाच्या ड्रममध्ये भरा. झाकणाला फट नको. साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंगीचा डास अंडी घालतो, आणि डेंगीच्या तापानंतर केस कसे जातात ते खाली आहे. आठवड्याला एका डोक्यामागे चार लिटर धरले तर २०० लिटरचा ड्रम चौघांना तीन महिने पुरतो.

थर निघाला तरी खवलं आणि खाज आहे

मग तो कोंडा. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट जवळजवळ प्रत्येकाच्या टाळूवर असतं. त्याला स्वतःचं मेदाम्ल बनवता येत नाही, म्हणून ते टाळूच्या तेलावर जगतं आणि मागे ओलेइक आम्ल सोडतं. ज्यांना ते सोसत नाही त्यांची कातडी भराभर सुटते. टाळू ‘कोरडी पडली’ म्हणून तेल चोळणं म्हणजे त्याला वाढून देणं. कोंडा असेपर्यंत तेल लांबीवरच ठेवा.

मेडिकलमध्ये २ टक्के किटोकोनॅझोलचा शांपू मिळतो. आठवड्यातून दोनदा, टाळूवर लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, दोन ते चार आठवडे. मग परत येऊ नये म्हणून आठवड्या-पंधरवड्यातून एकदा. ‘औषधानं फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण तो लावल्या लावल्या धुऊन टाकतात, किंवा खाज थांबली की दुसऱ्या आठवड्यातच सोडतात. हे यीस्ट कायमचं जात नाही, ते आटोक्यात ठेवायचं असतं. खाज थांबवायला दुकानदारानं दिलेली स्टेरॉइडमिश्रित ट्यूब टाळूला लावू नका. लहान मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा, त्यात तुटके केस असतील तर ते गजकर्ण असू शकतं. त्याला पोटात घ्यायचं औषध लागतं, शांपूनं ते बरं होत नाही.

गाठीसकट केस जात आहेत

दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचं आहे. आठवड्यातून एकदा न्हाणारीला ते एकदम दिसतात आणि धसका बसतो. त्याहून जास्त, मूठ-मूठ जात असतील तर दोन-तीन महिने मागे जा. मोठा ताप, टायफॉइड, डेंगी, बाळंतपण, ऑपरेशन, कडक उपास यांपैकी काही झालं होतं का? शरीराला असा धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मधल्या अंतरामुळे दोष त्या आठवड्यात बदललेल्या शांपूवर किंवा पाण्यावर जातो. कारण गेलेलं असेल तर तीन ते सहा महिन्यांत गळती आपोआप थांबते.

बाईच्या बाबतीत रक्त तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. गोळीच्या तासभर आधी आणि नंतर चहा नको, चहातलं टॅनिन लोह अडवतं. जेवणात लिंबू पिळलं तर ज्वारी-भाजीतलं लोह जास्त लागू पडतं. लिंबू डोक्यापेक्षा ताटात जास्त कामाचं. वजन वाढणं, थकवा, थंडी सहन न होणं हे सोबत असेल तर थायरॉइडही तपासून घ्या.

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत काही दिवसांत लोकांना टक्कल पडलं, तेव्हाही पहिला संशय खाऱ्या पाण्यावर आणि शांपूवरच गेला होता. पुढे महाडचे डॉक्टर-संशोधक हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरात सेलेनियम फार वाढलेलं आणि जस्त कमी आढळल्याचं सांगून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. नंतर त्या भागात नखं खराब होऊन गळण्याच्या तक्रारीही आल्या. पाणी तिथे वर्षानुवर्षं तेच होतं. म्हणून एकाच घरात किंवा आळीत बऱ्याच जणांचे केस एकदम, मुळापासून जाऊ लागले, नखांवर पांढरे पट्टे आले किंवा ती ठिसूळ झाली, तर शांपू बदलत बसू नका. त्याच आठवड्यात आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा, आणि घरात चालू असलेल्या धान्याचे दोन मूठ नमुने व पाण्याची एक बाटली नाव-तारीख लिहून बाजूला ठेवा.